तीन मिनिटं

निरोपसमारंभात तुम्हीही बोला, साहेब म्हणाले,
तीन मिनिटं. जास्त नको,
जेवण थंड होतं.

तीन मिनिटं!
हे मला सांगावं?
प्रभादेवीच्या एक्स्चेंजात, ट्रंकच्या बोर्डावर,
कानाला चिमटा बसवून
मी अर्ध्या मुंबईच्या बोलण्यात घुसले आहे:
तीन मिनिटं झाली, वाढवायची?
भांडणाच्या मध्ये, बारशाच्या मध्ये,
"भाव काय निघाला" आणि त्याच्या उत्तराच्या मध्ये.

तर भाषण.
भाचीची मुलगी ईरा, सहावी ब,
वक्तृत्वात दोन ढाली आणि एक पेनसेट,
तिने मला शिकवणीला घेतलं.
माहीमला आमच्या इमारतीच्या गच्चीवर
टाकीच्या कट्ट्यावर मला उभी केली,
खाली वाळत घातलेल्या चादरी हे श्रोते.
मावशीआजी, कागदात बघू नको.
मावशीआजी, शेवटच्या रांगेतल्या चादरीकडे बघ.
"या प्रसंगी" म्हणू नकोस, सगळेच म्हणतात.
आणि श्वास घे ना, एका दमात का बोलतेस?

एका दमात, कारण लाइन कधी तुटेल सांगता येत नाही.
आणि डोळ्यांत बघून बोलायची सवयच नाही गं,
छत्तीस वर्षं बोलले, एकही तोंड पाहिलं नाही.
मी सत्याऐंशी नंबर.
तक्रार करायची तर लोक सत्याऐंशीची करायचे.

आठ दिवस. भांडी घासताना आभार पाठ,
बाजारात बोंबील निवडताना पाठ,
कोळीण म्हणाली, काय पुटपुटतेस, वजन बरोबर आहे.
"सन्माननीय"वर जीभ अडखळायची,
ईराने तो शब्दच खोडला.

समारंभ. माईक माझ्यापेक्षा उंच.
तो खाली करताना जी किंकाळी निघाली
तिच्यात माझं पहिलं वाक्य गेलं.
दुसरं आठवेना.
समोर माणसं, सगळ्यांना तोंडं,
शेवटच्या रांगेत ईरा, अंगठा मोबाइलच्या घड्याळावर,
नुसत्या ओठांनी म्हणत होती: श्वास.

घेतला.
आणि त्या गप्प जागेत, कुठून कोण जाणे,
देवगडचा कॉल लागला.

एक माणूस होता, मी म्हटलं, माझगावच्या गोदीतला.
रात्री आठला अर्जंट बुक केला,
वाण्याच्या दुकानात फोन, आईला बोलावून आणायचं.
लाइन मिळायला तास. नियमाने त्याने ठेवायचा, तो ठेवीना.
म्हणाला, बाई, धाकटा गेला, आईला सांगायचंय.
आधी तुम्हाला सांगून बघू?
"आई, घाबरू नको." असं? की आधी नाव घेऊ?
"आई, बसून घे." नको, वाण्याकडे बसायला काय असणार.
नऊ वेळा सांगितलं त्याने.
नऊ वेळा मी त्याची आई झाले.
नवव्या खेपेला आवाज हलला नाही,
मी म्हटलं, आता बरोबर आहे.
मग देवगड लागलं.
तो म्हणाला, आये, जेवलंस?
ती म्हणाली, जेवलंय. तू?
होय, म्हणाला.
पुढे नुसती खरखर.
तीन मिनिटं झाली तेव्हा माझं बोट खटक्यावर होतं.
मी विचारलं नाही, वाढवायची का.

एवढंच बोलले. आभार राहिले,
साहेबांचं नाव राहिलं, शालीचं, श्रीफळाचं.
टाळी वाजवावी की नाही कोणाला कळेना,
केटररचा पोरगा डाव हातात धरून तसाच उभा.

टॅक्सीत ईराने मार्क दिले.
डोळे, बरे. हात, वाईट:
सगळा वेळ एक हात कानाशी होता तुझा.
मग माहीमची खाडी येईपर्यंत गप्प.
मग, त्याने सांगितलं का गं शेवटी?
माहीत नाही, म्हटलं, मी लाइनवरून उतरले होते.

वेळ, ती म्हणाली, चार मिनिटं एकोणीस सेकंद.
लाव, म्हटलं,
बिल सत्याऐंशीच्या नावावर.